नागोबाचं खातं

कुणाला खाऊ घातलं की पुण्य आपल्या खात्यावर जमा होतं, हे सर्वमान्य आहे. पण ते नावे कुणाच्या पोटात पडतं, हा प्रश्न जन्मभर जमा-नावे लिहिणाऱ्या कारकुनालाच सुचायचा. बी.कॉम.ला तो नव्हता.

लांब कशाला, नागपंचमीच घ्या. दूध हा सस्तन प्राण्यांचा माल. सापाच्या खानदानात आईचं दूध कुणी प्यालेलं नाही, त्यामुळे ते पचवायची सोयही त्याच्याकडे नाही. नाग खातो उंदीर, बेडूक, प्रसंगी दुसरे सापसुद्धा. आणि पितो पाणी. मग आमच्या लहानपणी साक्रीत दारावर आलेल्या गारुड्याचा नाग वाटीत तोंड कसं घालायचा? तर सणाआधी कित्येक दिवस त्याला पाण्याचा थेंब दाखवलेला नसे. तहानेनं कासावीस झालेला जीव समोर येईल ते ओलं पितो. दात उपटलेले, तोंडात जखमा, वर दूध. ते फुप्फुसात शिरलं की नाग पुढे कधीतरी मरे. तोवर गारुडी पुढच्या गावी आणि आपण पुरणपोळी खाऊन आडवे!

आता 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली नाग पकडणं, पाळणं गुन्हा आहे. बत्तीस शिराळ्याच्या जिवंत नागांचा मामलाही हायकोर्टापर्यंत गेला. पुण्यात नीलिमकुमार खैरे 1980 साली 72 विषारी सापांबरोबर 72 तास राहिले, पण त्यांनी दुधाचा रतीब लावल्याचं ऐकिवात नाही.

तरीही देणाऱ्याचा भाव चांगलाच होता ना? इथंच घोडं अडतं. भाव बघायचा की पोट? भावच बघायचा म्हटलं, तर पुण्याहून आलेल्या साहेबाला आमच्या शाखेनं आग्रहानं वाढलेली शेवभाजीही पुण्यातच धरावी लागेल. तिसऱ्या घासाला साहेबांचे कान लाल झाले, डोळ्यांतून धारा लागल्या. आम्ही म्हटलं, "साहेब, लाजू नका," आणि अजून एक पळी वाढली. त्यांना निदान "पुरे" म्हणता येत होतं. नागाला तेही नाही. म्हणून ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याला वाढताना हात दुप्पट जपून चालवावा, असं माझं मत आहे.

बरं, पोटच बघायचं ठरवलं तर? चांदीच्या वाटीत उंदीर? वारुळापुढे तसं ताट घेऊन जाणारी सवाष्ण माझ्या डोळ्यांपुढे येत नाही. शिवाय महिन्याभरात गणपती येतात, वाहनासकट. त्यांना काय तोंड दाखवायचं? खरं तर नागाला आपल्या वाढण्याची गरजच नाही. बाजरीच्या शेतात तो आपलं आपण जेवतो, आणि त्यातच शेतकऱ्याचं दाणं वाचतं. त्याला वाटेत सोडलं, काठी आवरली, की झालं.

हे सगळं मी यंदा आईला सांगितलं. ती वाटी हातात घेऊन शांतपणे ऐकत होती. ऐंशीच्या घरातली बाई. मला वाटलं, पटलं.

"म्हणजे उंदीरच खातो तो?"

"हो."

"सणाच्या दिवशीपण?"