विद्यार्थ्याची फी: दान, हक्क की ऋण?

गरीब घरातल्या मुलाची इंजिनिअरिंगची फी दुसऱ्या कोणी भरली, तर त्या देण्याचे स्वरूप काय? ते दान असेल तर घेणाऱ्याने उपकार मानावेत. हक्क असेल तर उपकाराचा प्रश्नच येत नाही. ऋण असेल तर ते कोणाचे आणि कसे फेडायचे, हे ठरवावे लागते. हैदराबादच्या चिक्कडपल्ली भागात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. इथल्या सार्वजनिक ग्रंथालयात नोकरीच्या परीक्षांची तयारी करणारी मुले दिवस दिवस बसून असतात. शेजारच्या नारायणगुड्यात केशव मेमोरियल संस्थेचे तंत्रशिक्षण महाविद्यालय आहे. ज्यांच्या स्मरणार्थ 1940 मध्ये ही संस्था उभी राहिली, ते केशवराव कोरटकर म्हणजे 1907 च्या विवेकवर्धिनी शाळेच्या उभारणीतले मराठी वकील.

तेलंगणात सरकारी मदतीला सगळे ‘फी रीइम्बर्समेंट’ म्हणतात. संयुक्त आंध्र प्रदेशात 2008 च्या सुमारास वाय. एस. राजशेखर रेड्डी यांच्या सरकारने ही योजना व्यापक केली. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला काढायचा, सरकारच्या ‘ईपास’ या संकेतस्थळावर अर्ज करायचा, मग सरकार फी देते. मागासवर्गीय विद्यार्थ्याची प्रवेश परीक्षेतली रँक 10,000 च्या आत असेल तर पूर्ण फी मिळते. त्यापुढच्यांना 35,000 रुपयांची मर्यादा वर्षानुवर्षे लागू राहिली. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना ही मर्यादा नाही.

दानाचा विचार भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात नेमका आला आहे. योग्य स्थळी, योग्य वेळी, योग्य माणसाला, परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलेले ते सात्त्विक. अवेळी, मान न राखता दिलेले ते तामस. या कसोटीतला काळाचा निकष सहसा दुर्लक्षित राहतो, आणि तेलंगणात नेमका तोच मोडतो. सरकारकडची थकबाकी वर्षानुवर्षे साचत गेली आहे. पैसे आले नाहीत की कॉलेज विद्यार्थ्याकडे फी मागते किंवा त्याची मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवते. नोकरी हातात आहे, पण कागद कपाटात, अशी मुलाची कोंडी होते. रक्कम शेवटी पूर्ण मिळाली तरी मधला अपमान तिच्यातून वजा होत नाही. तैत्तिरीय उपनिषदात गुरू निघालेल्या शिष्याला सांगतो, की द्यायचे ते श्रद्धेने आणि देताना संकोच बाळगून द्यावे. तिथे लाज देणाऱ्याने बाळगायची आहे. दाखल्यांच्या रांगेत ती घेणाऱ्याच्या वाट्याला येते.

मराठी समाजाने ही लाज जवळून पाहिली आहे. वार लावून जेवणारा विद्यार्थी रोज वेगळ्या घरी पानावर बसे. त्या व्यवस्थेने कित्येक मुलांना शिकवले, हे मान्यच करायला हवे. पण ती ठरावीक जातींपुरती होती, आणि यजमानीणबाईंच्या चेहऱ्यावरून आजचे जेवण ओझे झाले आहे की नाही, हे मुलाला ओळखावे लागे. शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात वसतिगृहे उघडली, तेव्हा अन्न तेच राहिले. कोणाच्या दारात उभे राहणे संपले. या फरकाचे मोल पैशात मोजता येत नाही.

हक्काची कल्पना केवळ आधुनिक राज्यघटनेतून आली असेही नाही. हैदराबादेतल्या मुस्लिम घरांत पाळल्या जाणाऱ्या जकात या धर्मदानामागे तीच आहे. कुराणाच्या दृष्टीने श्रीमंताच्या मालमत्तेत मागणाऱ्याचा आणि वंचिताचा वाटा आधीच आहे. साठवलेल्या धनाचा चाळिसावा हिस्सा देणारा माणूस दुसऱ्याचे दुसऱ्याला पोचवतो. मात्र हक्क म्हटला की हक्कदार कोण, हा वाद येतो. 2014 मध्ये तेलंगण सरकारने कुटुंबाच्या 1956 पूर्वीच्या रहिवासाशी जोडलेली फीची योजना जाहीर केली आणि पुढे ती मागे घेतली. त्याच 1956 पर्यंत औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे मराठी जिल्हे हैदराबाद राज्यात होते. त्या जिल्ह्यांतल्या लोकांसाठी हैदराबाद ही स्वतःचीच राजधानी होती. गरज आज असताना हक्क मात्र आजोबांच्या पत्त्यावरून ठरवणे न्यायाला धरून नाही.

ऋणाचा विचार सर्वांत खोल आहे. वैदिक परंपरेत माणूस तीन ऋणे घेऊन जन्मतो. त्यांतले ऋषिऋण अध्ययनाने फिटते. ज्यांच्याकडून विद्या आली त्या ऋषींना काही परत द्यायचे नसते. विद्या पुढे चालू ठेवायची असते. बँकेचे शैक्षणिक कर्ज शेवटच्या हप्त्याबरोबर संपते, हे ऋण संपत नाही. शिवाय देणाराही याच ऋणात असतो, कारण त्यालाही कोणीतरी शिकवलेले असते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यात कराराचे ऋण आणि विद्येचे ऋण समोरासमोर आली. 1913 मध्ये सयाजीराव गायकवाडांनी त्यांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. परतल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी, हा करार होता. 1917 मध्ये ते बडोद्याला रुजूही झाले. पण अस्पृश्य म्हणून त्यांना शहरात राहायला जागा मिळेना, पारशी धर्मशाळेतून बाहेर काढले गेले आणि नोकरी सोडावी लागली. कागदावर करार मोडला. परंतु ज्या समाजाने त्यांना राहू दिले नाही, त्या समाजाच्या वतीने त्यांच्याकडे कराराची पूर्तता मागता येईल काय? नीतीच्या दृष्टीने याचे उत्तर नाही असेच द्यावे लागते.

ऋण त्यांनी फेडले, पण दुसऱ्या दिशेने. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूरमंत्री असताना, 1944 मध्ये, केंद्र सरकारची अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. 1945 मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, आणि 1950 मध्ये औरंगाबादेत, म्हणजे तेव्हाच्या हैदराबाद राज्यातच, तिचे महाविद्यालय निघाले. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती पुढे 1948 मध्ये अनुसूचित जमातींनाही मिळू लागली, आणि आज तेलंगणातला विद्यार्थी ‘ईपास’वर तिच्यासाठीच अर्ज भरतो.