वणव्याचा उपयोग आणि अशुभाचा प्रश्न

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया आणि टास्मानिया राज्यांतल्या डोंगरउतारांवर वाढणारा ‘माउंटन ॲश’, शास्त्रीय नाव युकॅलिप्टस रेग्नन्स, ही निलगिरीची सर्वांत उंच जात. टास्मानियातले ‘सेंच्युरियन’ हे झाड सुमारे 100 मीटर उंच आहे. या वृक्षाला थंड हवा, वर्षाला 1000 मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि खोल, ओलसर पण निचऱ्याची माती लागते. त्याखेरीज आगही लागते.

निलगिरीच्या बहुतेक जाती जळाल्या तरी खोडातून किंवा बुंध्यातून पुन्हा फुटतात. हा वृक्ष मात्र मोठ्या वणव्यात सहसा मरतो. त्याचे बी शेंड्याकडच्या कठीण बोंडांत साठलेले असते. धगीने बोंडे सुकून उकलतात, बी राखेवर पडते आणि वरचे छत्र नाहीसे झाल्याने रोपांना ऊन मिळते. दाट सावलीत ती तगत नाहीत. 13 जानेवारी 1939 च्या वणव्यानंतर व्हिक्टोरियात एकाच वयाची विस्तीर्ण राने उभी राहिली, ती अशीच.

ईश्वर सर्वशक्तिमान आणि दयाळू असेल तर सृष्टीत दुःख का, हा धर्मतत्त्वज्ञानातला जुना प्रश्न. अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम रो यांनी 1979 मध्ये तो वणव्याच्याच उदाहरणाने मांडला. दूरच्या रानात वीज पडून आग लागते. एक पाडस होरपळते आणि कित्येक दिवस तडफडून मरते. त्यातून कोणाचेही भले झालेले दिसत नाही. यावर माउंटन ॲशचा दाखला देता येतो: वणवा नसेल तर हे रानच नसेल.

हा दाखला पुरा पडत नाही. एक तर, जळून फुटणाऱ्या निलगिरी त्याच खंडात आहेत. म्हणजे नव्या पिढीसाठी जुनीने मरावे, ही काही अटळ अट नव्हे. दुसरे, आगीचे हित तिच्या वेळेवर ठरते. रोपांना पुरेसे बी धरायला साधारण 20 वर्षे लागतात. त्याआधी पुन्हा वणवा आला तर ती जात तिथून नाहीशी होऊ शकते. उलट काही शतके आग लागलीच नाही, तर सावलीत वाढणारी वर्षावनातली झाडे तिची जागा घेतात. तिसरे, लाभ रोपांना होतो, वेदना पाडसाला. एकाच्या लाभाने दुसऱ्याची वेदना फिटते, हे वेगळे सिद्ध करावे लागते.

वणवा रानाला का लागतो, हे वनस्पतिशास्त्र सांगते. पाडसाने का सोसावे, या प्रश्नाला मात्र त्यातून उत्तर मिळत नाही.