साक्षीदाराचे घड्याळ

दिनांक २९ मे २०२३ रोजी श्रीहरिकोटा येथून एनव्हीएस-०१ हा दिशादर्शक उपग्रह अवकाशात गेला. सुमारे २२३२ किलो वजनाच्या या उपग्रहावर भारतात घडविलेले रुबिडियम अणुघड्याळ बसविले होते. या यशाचा अभिमान वाटणे स्वाभाविकच; परंतु मला त्यात एक जुना नैतिक प्रश्न दिसतो. ज्याच्या शब्दावर इतर विसंबतात, त्याच्यावर कोणते दायित्व येते?

असा उपग्रह वाट दाखवीत नाही. आपण कोठे आहोत आणि आपल्या घड्याळात किती वाजले, एवढेच तो सांगतो. संदेश पोचण्यास लागलेल्या वेळेवरून आपल्या हातातील यंत्र अंतर काढते. तीन उपग्रहांवर काम भागावे. पण चौथा लागतो, कारण यंत्राचे स्वतःचे घड्याळ साधे असते आणि त्याची चूक त्याला एकट्याने उमगत नाही. म्हणजे स्वतःचे स्थान जाणण्यासाठी स्वतःची चूक आधी गृहीत धरावी लागते.

सांगणाऱ्याचे घड्याळ मात्र अचूकच हवे. तेथे एका मायक्रोसेकंदाची चूक झाली, तर अंतरात ३०० मीटरचा फरक पडतो.

साक्ष दोन प्रकारे बिघडते. अमेरिकेच्या जीपीएसच्या नागरी संकेतांत मे २००० पर्यंत हेतुपुरस्सर अशुद्धता मिसळली जात असे. राष्ट्ररक्षणासाठी ते क्षम्य असेलही. निदान ती गोष्ट लपविलेली नव्हती. दुसरा प्रकार आपल्याकडे घडला. जुलै २०१३ मध्ये सोडलेल्या आयआरएनएसएस-१ए या उपग्रहावरील तिन्ही आयात अणुघड्याळे पुढे निकामी झाली. उपग्रह कक्षेत फिरतच होता. परंतु वेळेची शाश्वती उरली नाही, म्हणून स्थाननिर्णयाच्या कामी त्याची साक्ष घेणे थांबले.

शासकीय सेवेत जमिनीच्या सीमांकनासाठी मी अनेकदा गेलो. तेथे हेतुतः खोटे बोलणारे लवकर उघडे पडत. खरा घोटाळा करीत ते नीट आठवत नसतानाही छातीठोकपणे हद्द दाखविणारे सज्जन. ‘मला नक्की स्मरत नाही’ असे म्हणणारा वृद्ध क्वचितच भेटे आणि त्याच्या उरलेल्या बोलण्यावर विश्वास ठेवता येई.

पिढ्यान्‌पिढ्या परप्रांतात स्थिरावलेल्या आपल्या घरांत नातवंडे विचारतात, ‘आजोबा, आपण मूळचे कुठले?’ त्या वेळी आपण त्यांचे साक्षीदार असतो. पूर्वजांनी गाव सोडले त्या घटकेलाच आपले घड्याळ थांबले असेल, तर आपण मोठ्या प्रेमाने त्यांना चुकीचे स्थान सांगू. उपग्रहांची घड्याळेसुद्धा जमिनीवरील केंद्रांतून सतत तपासली जातात. नातवाने आपली एखादी आठवण दुरुस्त केली, तर तो आपला उपमर्द समजू नये. तीही तशीच तपासणी आहे.