खेळातले राज्य आणि माणसांची नावे

गेल्या पावसाळ्यात एका सायंकाळी आमच्या धर्मग्रामातील एक तरुण आम्हांला भेटावयास आला. एके काळचा हा वेदीसेवक आता संगणकाच्या क्षेत्रात नोकरी करतो आणि रात्री उशिरापर्यंत जागून तीन मित्रांच्या साहाय्याने एक व्हिडिओ गेम रचीत आहे. धावत सुटून गोळ्या झाडण्याचा हा खेळ नव्हे. खेळणाऱ्याने राजा व्हावे, कर वसूल करावा, तह करावेत, लढाया लढाव्यात, वारस नेमावा आणि राज्य राखावे, अशा धर्तीचा तो आहे. राज्य कोणते, तर भूमध्य समुद्रातील बाराव्या शतकातले सिसिली. "फादर, तुम्ही शिकायला रोमला होता. सिसिलीविषयी थोडं सांगाल का?" एवढीच त्याची विनंती होती. अर्ध्या तासाचे काम, असे आम्हांला वाटले. तो निघाला तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते आणि त्याने मागे ठेवलेला प्रश्न आजही आमच्याजवळ आहे.

सिसिलीची निवड करण्यात त्याचे काही चुकले नव्हते. ८२७ साली उत्तर आफ्रिकेतून आलेल्या मुस्लिम सैन्याने या बेटावर पाऊल ठेवले. पुढे १०६१ पासून नॉर्मन सरदारांनी ते जिंकून घेण्यास प्रारंभ केला व १०७२ मध्ये पालेर्मो त्यांच्या हाती आले. ११३० च्या नाताळच्या दिवशी रॉजर दुसरा याला त्याच नगरात राजमुकुट चढवण्यात आला. या ख्रिस्ती राजाचा रेशमी झगा आज व्हिएन्ना येथे जतन केलेला आहे. त्याच्या काठावर अरबी अक्षरे भरलेली असून साल हिजरी ५२८ असे आहे. त्याच्या राजवाड्यातील प्रार्थनामंदिरात भिंतींवर ग्रीक शैलीतील संतांची सोनेरी चित्रे आहेत आणि वर मुस्लिम कारागिरांच्या हातचे कोरीव, रंगवलेले लाकडी छत आहे. त्या छतावर वादक आहेत, मद्याचा पेला घेतलेले दरबारी आहेत, बुद्धिबळ मांडून बसलेले दोन खेळाडूही आहेत. अल् इद्रिसी या मुस्लिम पंडिताने आपला सुप्रसिद्ध भूगोलग्रंथ ११५४ साली याच राजाच्या आश्रयाखाली पूर्ण केला.

हे सारे ऐकल्यावर त्या तरुणाने आपला लॅपटॉप उघडून एक तक्ता आमच्यासमोर ठेवला. प्रत्येक प्रांताला एक ओळ, आणि प्रत्येक ओळीत रकाने: कर, सैनिक, भरभराट, भाषा, धर्म. "पालेर्मोच्या पुढे धर्माच्या रकान्यात काय लिहू, फादर? इथं एकच शब्द मावतो."

त्याने मग आम्हांला या खेळांची घडण समजावून सांगितली. स्वीडनमधील पॅराडॉक्स या कंपनीचा 'क्रुसेडर किंग्स ३' हा २०२० सालचा खेळ जगभर खेळला जातो. त्यात एका परगण्याला एकच संस्कृती व एकच धर्म असतो. राजाच्या मंत्रिमंडळात एक धर्मगुरूही असतो. त्याला एखाद्या परगण्यात धर्मांतराच्या कामावर पाठवता येते. आकडा हळूहळू चढत जातो आणि पूर्ण भरला की सबंध परगणा एका क्षणात नव्या धर्माचा होतो. २००६ सालच्या 'मेडिव्हल २: टोटल वॉर' या खेळात सिसिलीचे राज्य आहेच. तेथे शहर जिंकल्यावर तीन पर्याय पुढे येतात: शहर नुसते ताब्यात घ्या, लुटा, किंवा तेथील लोकांची कत्तल करा. कत्तल केली की लोकसंख्या घटते आणि त्यामुळे बंडाचा धोकाही कमी होतो. अलीकडच्या काही खेळांत एकाच प्रांतात अनेक धर्मांचे गट दाखवण्याची सोय झाली आहे. परंतु गट म्हणजेही अखेर एक आकडाच.

त्याच्या रकान्याला उत्तर म्हणून आम्ही त्याला एका दगडाची गोष्ट सांगितली. पालेर्मोमध्ये एक स्मृतिशिला जपून ठेवलेली आहे. रॉजर राजाच्या पदरी असलेल्या ग्रिसान्दुस नावाच्या धर्मगुरूने ती आपल्या आईसाठी घडवून घेतली. आईचे नाव अ‍ॅना. ती ११४८ साली निवर्तली. मध्यभागी क्रूस आहे आणि भोवती चार मजकूर आहेत: लॅटिन, ग्रीक, अरबी, आणि हिब्रू अक्षरांत लिहिलेले अरबी. प्रत्येक मजकुरात काळ त्या त्या समाजाच्या गणनेप्रमाणे दिला आहे. एका धर्मगुरूला आपल्या आईच्या निधनाची वार्ता शहरातील प्रत्येक शेजाऱ्याला त्याच्या स्वतःच्या अक्षरांत कळवावीशी वाटली, असेच ती शिला पाहताना मनात येते. आमच्या मातोश्रींच्या कबरीवर एकाच भाषेत चार ओळी आहेत. शेजारच्या आळीतून तिच्या अंत्यविधीला आलेल्या हिंदू आणि मुसलमान बायाबापड्यांचा विचार आमच्या मनाला तेव्हा शिवलाही नव्हता.

"मग हे राज्य आदर्शच म्हणायचं," तरुण आनंदाने म्हणाला. "सहिष्णुतेला मी भरपूर गुण ठेवतो. तीन भाषांचे कारकून ठेवले की कर वाढेल, व्यापार वाढेल."

येथे मात्र आम्हांला त्याला थांबवावे लागले. इतिहास इतका गोड नाही. मेहदियाचा फिलिप हा राजाच्या आरमाराचा प्रमुख. तो वरवर ख्रिस्ती, पण अंतर्यामी मुसलमान आहे असा आरोप होऊन रॉजरच्याच कारकिर्दीत, ११५३ साली, त्याला जाळण्यात आले. ११६१ च्या बंडात पालेर्मोतील मुसलमानांची कत्तल झाली. ११८४ च्या अखेरीस मेसिना बंदराजवळ जहाज फुटून सिसिलीत उतरलेला स्पेनचा यात्रेकरू इब्न जुबैर याने तेथील राजाचा मुस्लिम सेवकांवरील विश्वास वाखाणला. पण त्याच प्रवासवर्णनात धर्म लपवून जगणाऱ्यांची भीतीही नोंदवून ठेवली. पुढे सम्राट फ्रेडरिक दुसरा याने १२२० च्या दशकापासून सिसिलीतील मुसलमानांना बेटावरून उचलून इटलीच्या मुख्य भूमीवरील लुचेरा येथे नेऊन वसवले. ते त्याला शेतकरी आणि धनुर्धर म्हणून उपयोगी होते. त्याच्या मागून राज्य आंजू घराण्याकडे गेले आणि ऑगस्ट १३०० मध्ये राजा दुसरा चार्ल्स याने ती वसाहत मोडून काढली. तेथील बहुतेक माणसे गुलाम म्हणून विकली गेली. कारण म्हणून धर्माचे नाव पुढे करण्यात आले. राजावरील कर्जाचा त्यात मोठा वाटा होता असे इतिहासकारांचे मत आहे. रिकाम्या झालेल्या त्या शहराला पवित्र मरियेचे नाव देण्यात आले. हे शेवटचे वाक्य उच्चारताना आमचा आवाज खाली गेला. ते नाव आम्ही रोज सायंकाळी रोझरीत घेतो.

तरुण बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, "फादर, खेळात लुचेरा ठेवू की नको? ठेवलं तर खेळणारा ते बटण दाबणार. न ठेवलं तर मी खोटं सांगतोय. आणि दाबल्यावर त्याला शिक्षा दिली, तर तेही खोटंच; कारण खऱ्या राजाला पैसे मिळाले होते!"

प्रश्न साधा नव्हता. खेळ हा मुळात पापाचा व्यवहार आहे असे आम्ही मानीत नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या महाग्रंथात खेळाला मनाचा विसावा म्हटले आहे. त्यात अश्लीलता वा अपाय नसावा, मनाचा तोल ढळू नये आणि तो प्रसंगाला व व्यक्तीला शोभावा, एवढ्याच अटी त्यांनी घातल्या. पडद्यावर वाईट कृत्य करून पाहणे आणि ते खरोखर करणे यांतही फरक आहे. उपवासकाळात आपल्या गावी प्रभूच्या दुःखसहनाचे नाटक होते. त्यात कोणीतरी यहुदा इस्कारियोत व्हावेच लागते, आणि जो होतो त्याला आम्ही पापनिवेदनाच्या खुर्चीकडे पाठवीत नाही. यहुदाला गाळले तर नाटकच खोटे ठरेल. परंतु समजा, त्या नाटकात तीस नाणी मोजून होताच प्रेक्षकांनी टाळ्या वाजवाव्यात आणि यहुदाला विजेता म्हणून हार घालावा अशी योजना कोणी केली, तर? मग दोष नटाचा राहत नाही. नाटक रचणाऱ्याचा होतो. खेळाचेही तसेच आहे. खेळात कोणती कृत्ये दाखवली यापेक्षा कशाला गुण दिले, ही गोष्ट अधिक महत्त्वाची. रचणाऱ्याचे खरे प्रवचन गुणांच्या हिशेबात असते.

हीच कसोटी सहिष्णुतेलाही लावावी लागेल. तीन भाषांचे कारकून कर वाढवतात म्हणून शेजारधर्म चांगला, असे खेळाने शिकवले, तर कर घटताच तो सोडून देणेही त्याच हिशेबाने शहाणपणाचे ठरते. सिसिलीत नेमके हेच घडले. माणसे उपयोगी होती तोवर राखली आणि विकणे अधिक उपयोगी ठरले तेव्हा विकली. राजांच्या हिशेबाची पद्धत बदललीच नव्हती. फक्त उत्तर वेगळे आले. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली धर्मस्वातंत्र्याचा पाया मानवी प्रतिष्ठेत शोधला, त्याचे मोल आम्हांला त्या रात्री नव्याने जाणवले. आणि १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी संत पेत्राच्या महामंदिरात ख्रिस्तसभेच्या लेकरांनी केलेल्या पापांसाठी जाहीर क्षमायाचना केली, तेव्हा इतर धर्मीयांवरील अन्यायाचाही त्यात उल्लेख होता. लुचेरा झाकून ठेवणे हे त्या क्षमायाचनेला शोभणारे नाही.

"पण फादर, आकड्यांशिवाय यंत्र चालत नाही," तरुण म्हणाला. हेही खरे. तेव्हा आम्ही त्याला मोनरेआलेच्या नोंदवह्यांविषयी सांगितले. राजा दुसरा विल्यम याने पालेर्मोजवळ हे मठमंदिर बांधून त्याला विस्तीर्ण जमिनी दिल्या आणि जमिनीबरोबर त्या कसणारी मुस्लिम कुळेही दिली. ११७८ व ११८३ च्या नोंदवह्यांत त्या कुटुंबप्रमुखांची नावे अरबीत एकाखाली एक लिहिली आहेत: अमुक, तमुकाचा मुलगा. तो करवसुलीचाच कागद, त्यात करुणेचा लवलेश नाही; मंदिराच्या वैभवासाठी राबणाऱ्या परधर्मीयांची ती यादी वाचताना आम्हांला अभिमान वाटण्याजोगे काही नाही. तरीही त्या कठोर कारकुनांना माणूस नोंदवायचा तर नाव लिहावेच लागले. आजच्या तक्त्याला तेवढीही गरज उरलेली नाही. दाविद राजाने आपल्या प्रजेची शिरगणती केली आणि ती देवाला रुचली नाही, ही कथा आपण जुन्या करारात वाचतो. मोजणे हे पाप कसे, असा प्रश्न सेमिनरीत आम्हीही विचारला होता. माणसे आपल्या मालकीचा साठा आहेत अशा भावनेने मोजली की ती मोजणी पाप होते, असे आता आम्हांला वाटते. उत्तम मेंढपाळही मेंढरे मोजतोच. पण तो त्यांना नावाने हाक मारतो.

त्या तरुणाला आम्ही कोणताही आदेश दिला नाही. तो अधिकार आमचा नाही, आणि खेळ कसा चालतो हे तोच जाणतो. काही आठवड्यांनी त्याने येऊन सांगितले की लुचेरा खेळात राहणार आहे. बटण दाबल्यावर राजाला पैसे मिळतील, जसे खरोखर मिळाले, शिक्षा नाही. मात्र विजयाच्या हिशेबात त्या पैशांना गुण नाहीत. आणि बटण दाबण्यापूर्वी नोंदवही उघडेल: नावे एकाखाली एक, शेवटपर्यंत. ती वाचल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. मित्रांना हे पसंत नाही. खेळ रेंगाळेल, कंटाळवाणा होईल असे त्यांचे म्हणणे. वाद अजून मिटलेला नाही.

आमचा स्वतःचा वाद मात्र त्याच आठवड्यात सुरू झाला. महागुरुनिवासाकडे पाठवावयाचा वार्षिक अहवाल आमच्या मेजावर होता: बाप्तिस्मे इतके, विवाह इतके, मृत्यू इतके, कुटुंबे इतकी. कुटुंबांच्या रकान्यात आम्ही गतवर्षीपेक्षा नऊने कमी आकडा लिहून सही केली होती. ती नऊ कुटुंबे कोणती आणि ती का गेली, हे आम्हांला सांगता आले नसते. परगण्यांचा तक्ता रचणाऱ्या मुलाला आम्ही उपदेश केला, आणि आमचा तक्ता त्याहून वेगळा नव्हता. सही केलेला कागद परत घेऊन आम्ही धर्मग्रामाची नोंदवही उघडली. सात कुटुंबांचा ठावठिकाणा लागला. दोघांच्या घरी कर्जापायी जमीन विकली गेली होती आणि आम्हांला त्याची वार्ताही नव्हती. उरलेल्या दोन कुटुंबांचा शोध अद्याप चालू आहे.

वाचकहो, आपल्या घरात मुले अशा खेळांपुढे तासन्‌तास बसतात आणि आपण फक्त 'किती वेळ?' एवढेच विचारतो. कधी शेजारी खुर्ची ओढून बसावे आणि हेही विचारावे: बाळा, या राज्यात जिंकणे कशाला म्हणतात? आणि तू आत्ता जे शहर घेतलेस, तिथल्या माणसांचे पुढे काय झाले? मुलाला उत्तर येईलच असे नाही. पण प्रश्न ऐकून तो एकदा तरी पडद्यावरून मान वर करील.