कृतप्रणाश

हुडकेश्वरच्या ले-आउटमधील आमच्या घरी दिवेलागणीच्या सुमारास दूरचित्रवाणीवर ‘शिनचॅन’ लागते, आणि आईला सळो की पळो करून सोडणारे ते पाच वर्षांचे कार्टे, त्याचा जनक योशितो उसुई २००९ साली निवर्तला तरी, अद्याप पाचच वर्षांचे आहे हे पाहून मला कर्मसिद्धांतातील एक जुना पेच आठवतो. केलेल्या कर्माचे फळ न मिळताच ते लोपणे हा कृतप्रणाश, आणि न केलेल्याचे फळ पदरी पडणे हा अकृताभ्यागम. या दोन आपत्ती टाळण्यासाठीच आपल्या दार्शनिकांनी जन्मांतराची एवढी लांबलचक खतावणी मांडली. हास्यचित्रमालिकांचे जग मात्र पहिल्या आपत्तीवरच सुखाने नांदते. १९८९ पासून चाललेल्या ‘द सिम्प्सन्स’मधील होमरने नोकरी, अब्रू आणि बायकोचा विश्वास कितीदा पणाला लावला असेल, पुढच्या भागी दप्तर कोरे, बाकी निरंक आणि बार्ट पुन्हा दहा वर्षांचा!

अशा जगात स्वभाव असू शकतो, चारित्र्य संभवत नाही, कारण चारित्र्य म्हणजे झाल्या कर्माची वागवलेली खूण. म्हणूनच, दीर्घ काळाने भेटलेली आई पुन्हा दुरावल्यावर मोटारीवर बसून मुकाट्याने तारे पाहणारा १९९५ मधला होमर एरवीच्या शेकडो होमरांहून मला मोठा वाटतो. त्या रात्रीपुरती तरी खतावणी कोणी पुसली नाही. ‘बोजॅक हॉर्समन’ या २०१४ ते २०२० मधील मालिकेने तर हा हिशेब विनोदातच रुजू केला: नायक, जो घोडा आणि नट दोन्ही आहे, नशेच्या भरात हॉलिवूडच्या पाटीवरील शेवटचे अक्षर चोरतो, आणि पुढे ते नगर सर्वांच्या तोंडी ‘हॉलिवू’च होऊन बसते. कर्मविपाकावर इतके नेमके निरूपण मी कीर्तनातही क्वचितच ऐकले.

तरीही कबूल करतो, की त्या घोड्याच्या पश्चात्तापाने थकल्यावर मी शिनचॅनकडेच परततो. त्या कोऱ्या दप्तराला मुक्ती म्हणण्याचा मोह होतो, पण मुक्ताचे कर्म ज्ञानाने जळते, याचे केवळ घड्याळाच्या ठोक्याने. मग फळ कुठे जाते? माझ्या मांडीवर बसून ही मालिका पाहू लागलेली नात आता बारावीला आहे. पूर्वी शिनचॅनच्या प्रत्येक खोडीला टाळ्या पिटणारी ती परवा मध्येच हसायची थांबली, पडद्यावरच्या त्या दमलेल्या बाईकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “आबाजी, हिचं बिचारीचं घरात कोणी ऐकतच नाही न!”