जवानाच्या तापाला जबाबदार कोण?

1943 साली ब्रह्मदेशाच्या आघाडीवर एक जखमी जवान इस्पितळात धाडावा लागे, तेव्हा आजारी जवान धाडावे लागत 120. वर्षभरातल्या मलेरियाचं प्रमाण तर फौजेच्या 84 टक्के होतं. त्याच सुमारास ब्रिटिश जनरल विल्यम स्लिम यांनी तिथं जपान्यांशी लढणाऱ्या चौदाव्या सैन्याची सूत्रं हाती घेतली. हे सैन्य बहुतांशी हिंदी जवानांचं. तापानं फणफणलेल्या माणसाला शौर्याचं भाषण ऐकवून काय होणार?

मलेरियावर मेपाक्रिनच्या गोळ्या होत्या, पण त्यांनी पुरुषत्व जातं अशी अफवा पसरली होती आणि जवान त्या चुकवत. स्लिम यांनी ही बाब डॉक्टरांवर सोडली नाही, ती पलटणीच्या अधिकाऱ्यांच्या गळ्यात घातली. अचानक तपासणी व्हायची, प्रत्येकाला तपासलं जायचं. 95 टक्क्यांहून कमी जवानांत औषध आढळलं, तर कमांडिंग ऑफिसर पदावरून दूर. असे तिघे गेले आणि बाकीच्यांना काय ते उमगलं.

गोळी जवानानं चुकवली आणि पद गेलं त्याच्या साहेबाचं, हे मला फार मोलाचं वाटतं. आपल्याकडे काही बिघडलं की आधी सगळ्यांत खालचा माणूस शोधला जातो.

स्लिम यांचा आणखी एक नियम होता. आघाडीवरच्या तुकड्या अर्ध्या शिध्यावर आल्या की खुद्द स्लिम यांच्या मुख्यालयातही प्रत्येकाला अर्धाच शिधा. रसद पाठवणाऱ्या तरुण अधिकाऱ्यांना भूक म्हणजे काय ते कळावं, हा त्यामागचा हेतू.

समोरच्या बाजूला चित्र उलटं होतं. 1944 च्या मार्चमध्ये जपानी जनरल मुतागुची इंफाळवर चालून आले, ते जेमतेम तीन आठवड्यांच्या शिध्याच्या हिशेबानं. पुढची सोय शत्रूच्या कोठारांतून होईल, हा भरवसा. मोहीम सुरू झाली तेव्हा त्यांचं मुख्यालय शेकडो मैल मागे, मेम्योच्या थंड हवेत होतं. मुतागुचींच्या हाताखालच्या जनरल सातो यांच्या कोहिमाकडे निघालेल्या डिव्हिजनला वाटेत संगशाकला रोखून धरणाऱ्यांत मराठा पलटणही होती. त्या लढाईत गेलेले दिवस जपान्यांना पुढे फार महागात पडले. कोठारं हाती आली नाहीत, पाऊस सुरू झाला, आणि सातोंचे जवान गवत खाऊ लागले. सातो रसद मागत राहिले, वरून येत राहिला तो पुढे लढण्याचा हुकूम. शेवटी तो मोडून त्यांनी जगले-वाचलेले जवान माघारी वळवले. कोहिमात ज्यांच्या तोफांनी आपली माणसं पडली, त्या सातोंबद्दल म्हणूनच मला आदर वाटतो.

त्यांना पदावरून काढलं गेलं. आपल्यावर खटला चालवा, म्हणजे सगळं उघड सांगता येईल, असा त्यांचा आग्रह होता. वरिष्ठांनी त्यांचं मानसिक संतुलन बिघडल्याचं ठरवलं आणि खटलाच टाळला.