गावकुसाबाहेरचे टस्कीगी

वीणा गवाणकरांच्या 'एक होता कार्व्हर' या चरित्राने टस्कीगी हे नाव मराठी घराघरांत नेले. कृषिशास्त्रज्ञ कार्व्हर आपल्याला आपला वाटला. तो जिथे शिकवायचा ते गाव मात्र पाहायचे राहिले. अमेरिकेच्या दक्षिणेत, अलाबामा राज्यातले हे जेमतेम नऊ-दहा हजार वस्तीचे गाव.

गुलामीतून सुटलेला लुईस अ‍ॅडम्स तिथे पत्र्याची कामे करी. मते मागायला आलेल्या गोऱ्या पुढाऱ्याकडे त्याने आपल्या लोकांसाठी शाळा मागितली. १८८१ साली ती सुरू झाली, पण इमारतीला पैसा नव्हता. गळक्या खोपटात शाळेचे प्रमुख बुकर टी. वॉशिंग्टन शिकवत आणि पाऊस आला की एखादा विद्यार्थी त्यांच्या डोक्यावर छत्री धरी. पुढे मुलांनी स्वतःच विटा पाडायला घेतल्या. एकामागून एक तीन भट्ट्या वाया गेल्या. वॉशिंग्टननी आपले घड्याळ गहाण टाकून चौथी लावली आणि ती साधली. विटा इतक्या चांगल्या निघाल्या की आसपासचे गोरेही त्या विकत न्यायला येऊ लागले.

त्याच गावात १९५७ साली काळ्यांच्या मतांची संख्या वाढताना दिसली, तेव्हा राज्याने कायदा करून गावाची हद्दच बदलली. चौकोनी गाव अठ्ठावीस बाजूंचे झाले. सुमारे चारशे काळ्या मतदारांपैकी चार-पाच सोडून सगळे हद्दीबाहेर गेले. गोरा एकही गेला नाही. विटा गावात चालत होत्या, माणसे चालत नव्हती. 'गावकुसाबाहेर' हा शब्द ज्या भाषेत आहे, तिला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. त्या शाळेतून वाढलेल्या टस्कीगी संस्थेतले प्राध्यापक चार्ल्स गोमिलियन आपल्या लोकांना घेऊन उभे राहिले. गोऱ्यांच्या दुकानांवर बहिष्कार पडला, खटला न्यायालयात गेला, आणि १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला.

पण गावकूस नकाशावरच असते असे नाही. १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे सरकारी आरोग्य खात्याने याच परिसरातल्या शेकडो काळ्या पुरुषांचा सिफिलिस नुसता पाहत ठेवला. पेनिसिलिन हाताशी आल्यावरही दिले नाही आणि खरा आजारही सांगितला नाही. त्या कामात या संस्थेचाही हात होता, हे मला सर्वांत जास्त बोचते. शिकलेल्यांनी आपल्याच न शिकलेल्या माणसांना ज्ञानाच्या बाहेर उभे ठेवले.

म्हणून कार्व्हरचे गाव आपण पुरते वाचायला हवे. गावाचा स्वभाव त्याच्या थोर माणसांवरून अर्धाच कळतो. उरलेला अर्धा, कोणाला बाहेर ठेवले आणि ते आत कसे आले, यावरून कळतो.